निरोप कुठे अडकला ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लेखापरीक्षणाच्या पथकात तुमची नवी नेमणूक झाली आहे, आणि अमली पदार्थांची सागरी तस्करी रोखण्यासाठी उभारलेला नियंत्रण कक्ष व त्याची संदेशवहन यंत्रणा तपासायचं काम वाट्याला आलं आहे. निविदा, बिलं, साठा नोंदवही, उपयोगिता प्रमाणपत्रं कशी पाहायची ते तुम्हाला येतं. पण यंत्रणा खरोखर उपयोगी पडते का हे कशावरून ठरवायचं? आणि जप्ती वाढली म्हणजे यंत्रणा यशस्वी झाली, असं अहवालात लिहिता येईल का?

मी शासकीय लेखापरीक्षणातून निवृत्त झालो आहे. शेवटची अकरा वर्षं माहिती आणि संदेशवहन यंत्रणांची कामगिरी तपासण्यात गेली, त्यात किनारपट्टीचा भाग बराच होता. तुमचा दुसरा प्रश्न सोपा आहे, त्याचं उत्तर 'नाही', आणि ते का नाही हे पुढे सांगतो. पहिला प्रश्न मोठा आहे. बहुतेक पथकं त्याला बगल देतात, कारण खरेदीची फाइल टेबलावर आयती मिळते आणि यंत्रणेच्या उपयोगाची फाइल कुठेच नसते. ती आपल्याला तयार करावी लागते.

रडार, कॅमेरे, वायरलेस संच, सर्व्हर हे सगळं एका कामासाठी घेतलेलं असतं: निरोप पोचवणं. समुद्रात कुणाला तरी काहीतरी खटकलं, ते योग्य माणसाला वेळेत कळलं, त्याने निर्णय घेतला आणि त्या निर्णयावर कुणीतरी बंदरातून नाव सोडली. तुम्हाला ही साखळी तपासायची आहे. सामान त्या साखळीचा भाग म्हणून पाहायचं. सगळं सामान जागेवर, चालू स्थितीत, दर योग्य, आणि तरीही एकही निरोप वेळेत पोचत नाही, अशी यंत्रणा मी पाहिली आहे. तिच्या खरेदीवर आमच्याच आधीच्या पथकाला एकही आक्षेप सापडला नव्हता.

ते सांगतोच. त्या नियंत्रण कक्षात मी रात्री अडीच वाजता गेलो होतो. भिंतभर पडदा, त्यावर हिरवे ठिपके. ड्यूटीवर एक हवालदार, त्याच्या हाताशी दोनशे पानी वही आणि सुतळीने टेबलाला बांधलेलं पेन. एका ठिपक्याने अचानक दिशा बदलली. हवालदाराने त्यावर क्लिक करून सूचना तयार केली, ती दुसऱ्या खात्याच्या कार्यालयाला पाठवली, पडद्यावर 'संदेश पाठवला' असं आलं. आणि लगेच त्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, त्या कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून अक्षांश-रेखांश तोंडी सांगितले, मग वहीत वेळ टाकून दोन ओळी लिहिल्या. मी विचारलं, यंत्रणेतून तर निरोप गेला ना? तो म्हणाला, "साहेब, तिकडचा कॉम्प्युटर ज्या खोलीत आहे, तिला संध्याकाळी सहाला कुलूप लागतं."

यंत्रणेच्या मासिक अहवालात संदेश पोचण्याचं प्रमाण जवळपास शंभर टक्के होतं, कारण समोरच्या सर्व्हरने संदेश स्वीकारला की तो 'पोचला' असं धरलं जायचं. तो कुणी वाचला का, हे मोजलंच जात नव्हतं. आणि खरी यंत्रणा काय होती? एक वही, एक खासगी मोबाइल आणि दोन माणसांची ओळख. त्यातल्या एकाची बदली झाली असती तर साखळी तुटली असती. त्या हवालदाराला मी आजही मानतो. त्याने आपल्या परीने काम अडू दिलं नाही. पण कोट्यवधींच्या यंत्रणेचं काम तो पदरच्या रिचार्जवर करत होता, आणि हे वर कुणाला ठाऊकच नव्हतं.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. यंत्रणेच्या नोंदींतून वर्षभरातल्या तीस घटना निवडा आणि प्रत्येकीचा माग शेवटपर्यंत काढा. पण निवड नीट करा. दहा घटना अशा घ्या की ज्यांत इशारा आला आणि कारवाई झाली. दहा अशा, की इशारा आला पण 'संशयास्पद काही नाही' म्हणून बंद केला. उरलेल्या दहा सगळ्यात महत्त्वाच्या: माल पकडला गेला, पण त्याची सुरुवात यंत्रणेतून झाली नाही. खबऱ्याने सांगितलं, मच्छीमारांनी कळवलं, दुसऱ्या राज्यातून फोन आला, असं काहीही. पहिल्या गठ्ठ्याची कागदपत्रं तुम्हाला कुणीही आनंदाने काढून देईल. तिसऱ्या गठ्ठ्याची मागणी लेखी करा आणि पाठपुरावा सोडू नका. त्या नावा त्या रात्री रडारच्या टप्प्यातून गेल्या होत्या का, गेल्या असतील तर नोंदीत दिसतात का, दिसत असतील तर कुणाच्या नजरेला का पडल्या नाहीत, हे तिथेच कळतं.

प्रत्येक घटनेत वेळेचे पाच टप्पे लिहून काढा. पहिल्यांदा दिसलं कधी, कुणाला कळवलं कधी, त्याने पाहिलं कधी, निर्णय झाला कधी, नाव सुटली कधी. दोन टप्प्यांमधलं अंतर जिथे सगळ्यात मोठं, तिथे तुमचा आक्षेप असतो. माझ्या अनुभवात हे अंतर यंत्राच्या आत क्वचित सापडलं. ते दोन कार्यालयांच्या मध्ये सापडतं, आणि त्यातही 'पाहिलं' ते 'निर्णय झाला' ह्या टप्प्यात. रात्रीच्या ड्यूटीवर असलेल्याला नाव सोडायचा अधिकार नसतो, ज्याला असतो त्याला झोपेतून उठवायला तो धजत नाही, आणि किती खात्री झाली की उठवायचं हे कुठेही लिहिलेलं नसतं.

इथे एक खबरदारी. घड्याळं जुळवल्याशिवाय एकही निष्कर्ष काढू नका. एका तपासणीत मला रडारची नोंद आणि पोलिसांच्या वहीतली नोंद ह्यांत साडेपाच तासांहून थोडा जास्त फरक दिसला. मसुद्यात मी 'अक्षम्य विलंब' असं लिहिलंही होतं. मग लक्षात आलं की रडारची नोंद जागतिक प्रमाणवेळेत होती आणि वही भारतीय वेळेत. खरा विलंब नऊ मिनिटांचा होता. तो परिच्छेद तसाच गेला असता तर एका चांगल्या अधिकाऱ्यावर विनाकारण ठपका आला असता. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी प्रत्येक यंत्राचं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी ताडून त्याचा तक्ता करायचो. अर्थात, वेगवेगळी घड्याळं चालू ठेवणं हाही एक दोषच आहे आणि तो लिहायला हवा. ऐन प्रसंगी नियंत्रण कक्षातला माणूस मनातल्या मनात साडेपाच तास मिळवत बसतो आणि चुकतो.

आता जप्तीकडे. भारतीय समुद्रात गेल्या काही वर्षांत मोठे साठे पकडले गेले. मे 2023 मध्ये अमली पदार्थ नियंत्रण ब्युरो म्हणजे एनसीबी आणि नौदल ह्यांनी केरळच्या बाजूच्या समुद्रात सुमारे 2,500 किलो मेथॅम्फेटामिन पकडलं. फेब्रुवारी 2024 मध्ये गुजरातच्या बाजूला एका नौकेवर जवळपास 3,300 किलो माल मिळाला, त्यात 3,089 किलो चरस होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंदमानजवळ तटरक्षक दलाने म्यानमारच्या मासेमारी नौकेवरून सुमारे 5,500 किलो मेथॅम्फेटामिन ताब्यात घेतलं. ही कामगिरी मोठीच आहे आणि ज्यांनी ती केली त्यांच्या धैर्याबद्दल दुमत नाही.

पण जप्तीचा आकडा हा अपूर्णांकाचा फक्त अंश आहे, छेद कुणालाच माहीत नसतो. जप्ती दुप्पट झाली तर यंत्रणा सुधारली असेल, किंवा तस्करी चौपट झाली असेल. जप्ती निम्मी झाली तर यंत्रणा ढेपाळली असेल, किंवा तस्करांनी धास्तीने मार्ग बदलला असेल. शिवाय एक मोठी नाव वर्षाचा सगळा आकडा फिरवून टाकते. बाजारभावाने लावलेली किंमत तर त्याहून कच्ची: किलोचा दर घाऊक धरला की किरकोळ, देशातला की परदेशातला, ह्यावर आकडा कितीतरी पटींनी बदलतो. म्हणून अहवालात किंमत लिहिणं मी टाळायचो. वजन आणि शुद्धता लिहायचो, आणि त्यापुढे एक रकाना: ह्या जप्तीची सुरुवात यंत्रणेच्या इशाऱ्यातून झाली का, हो की नाही.

सप्टेंबर 2021 चं मुंद्रा बंदराचं प्रकरण ह्या संदर्भात ध्यानात ठेवा. अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेल्या दोन कंटेनरमध्ये टाल्क ह्या खनिजाच्या भुकटीच्या नावाखाली जवळपास 3,000 किलो हेरॉइन सापडलं. महसूल गुप्तचर संचालनालयाने ते पकडलं. ते जहाज अधिकृत मार्गाने, स्वतःची ओळख प्रसारित करत आलं होतं. किनाऱ्यावरचं कुठलंही रडार कंटेनरच्या आत पाहू शकत नाही. तेव्हा अशी प्रकरणं तिसऱ्या गठ्ठ्यात घालून किनारी यंत्रणेला नापास करू नका. यंत्रणेकडून काय अपेक्षित आहे हे तिच्या मंजुरीच्या टिपणीत शोधा. टिपणीत ते नसेल, नुसतं 'देखरेख बळकट करणे' असं लिहिलं असेल, तर तोच पहिला आक्षेप. ज्या उद्दिष्टाचं मोजमाप ठरवलेलं नाही ते साधलं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

यंत्रणा काय पाहू शकते ह्याचीही मर्यादा असते. जहाज स्वतःहून आपली ओळख, जागा आणि वेग सांगतं ती एआयएस यंत्रणा आंतरराष्ट्रीय नियमाने 300 टनांच्या वरच्या परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजांना सक्तीची आहे, आणि आपल्याकडे 20 मीटरपेक्षा लांब मासेमारी नौकांनाही. त्याखालच्या हजारो नौका रडारवर नुसता ठिपका असतात, कधी तोही नसतो. 2024 मध्ये एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे नौकेची जागा कळवणारं यंत्र, बसवण्याची योजना सुरू झाली ती ह्याच कारणाने. तुमच्या भागात ते किती बसले, किती चालू आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांची माहिती तुमच्या नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर येते का, हे विचारा. अनेकदा मत्स्यव्यवसाय खात्याकडे एक पडदा असतो, पोलिसांकडे दुसरा, आणि दोन्ही पडदे पाहणारा माणूस कुणीच नसतो.

दिसणं आणि थांबवणं ह्यांतली दरी सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. मार्च 2014 मध्ये अमेरिकेच्या सदर्न कमांडचे, म्हणजे लॅटिन अमेरिकेकडची जबाबदारी असलेल्या लष्करी विभागाचे, प्रमुख जनरल जॉन केली ह्यांनी त्यांच्या संसदेसमोर साफ सांगितलं होतं, की संशयित सागरी तस्करीपैकी 74 टक्क्यांच्या मागे जायला आपल्याकडे जहाजं आणि विमानं नाहीत, ती डोळ्यांदेखत निघून जाते. जगातली बहुधा सगळ्यात महागडी पाळत यंत्रणा हाताशी असलेला माणूस हे बोलत होता. तुमच्या तपासणीत ह्याचं रूप साधं असेल. गेल्या वर्षी ज्या रात्री इशारे आले त्या रात्री किती गस्ती नौका पाण्यात उतरण्याच्या स्थितीत होत्या? डिझेलचा कोटा महिन्याच्या कितव्या तारखेला संपतो? नौकेचा चालक कंत्राटी आहे का, आणि कंत्राट संपल्यावर नवं होईपर्यंत मधले दिवस कसे गेले? इंजिन दुरुस्तीला गेलं तर सुटा भाग कधी आला? नौकेची लॉगबुकं आणि इशाऱ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा. पडद्यावर खर्च आणि नौकेवर काटकसर, असं चित्र दिसलं तर रडार आणखी वाढवून काही साधणार नाही, आणि तसं लिहायला कचरू नका.

वायरलेसची तपासणी मात्र कागदावर करूच नका. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यात ह्याचा धडा मिळाला. तिथल्या विविध दलांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून 43 कोटी डॉलर खर्चून रेडिओ यंत्रणा आणि सामायिक चॅनेल ठरवलेले होते. 2012 मध्ये खात्याच्याच महानिरीक्षकांनी तपासणीत 479 वापरकर्त्यांना त्या ठरलेल्या चॅनेलवर येऊन बोलायला सांगितलं. जमलं फक्त एकाला. तपासलेल्या 382 संचांपैकी सगळी सेटिंग बरोबर असलेले 78 निघाले. कित्येकांना असा चॅनेल आहे हेच माहीत नव्हतं. खरेदी, वाटप, प्रशिक्षण ह्यांचे कागद पाहून हे कधीच उघड झालं नसतं.

ही चाचणी तुम्हीही करू शकता. संबंधित अधिकाऱ्यांच्या परवानगीने, पण वेळ आधी न कळवता. चौकीवरच्या शिपायाला सांगा, समुद्रातल्या गस्ती नौकेशी सामायिक चॅनेलवर बोल. किती मिनिटं लागली ते लिहा. मग तटरक्षक दलाच्या केंद्राशी. मग मुख्य वीज बंद करून पुन्हा. बॅटरी किती वेळ टिकली, जनरेटर कुणी सुरू केला, त्याची किल्ली कुठे होती. पावसाळ्यात मनोऱ्यावरची अँटेना बंद पडली तर वर चढून दुरुस्त करणारं माणूस किती दिवसांनी येतं, हे देखभाल करारात पाहा, आणि तक्रारींच्या नोंदीशी ताडून पाहा. खाऱ्या वाऱ्याने जोडण्या गंजतात. करारात त्याची तरतूद नसेल तर तिसऱ्या वर्षापासून यंत्रणा हळूहळू मुकी होत जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता कायद्याचा भाग, जो तांत्रिक पथकं विसरतात. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायदा, 1985 च्या कलम 42 प्रमाणे मिळालेली माहिती लेखी नोंदवायची असते आणि तिची प्रत 72 तासांत लगतच्या वरिष्ठाला पाठवायची असते. कलम 57 प्रमाणे अटक वा जप्तीचा पूर्ण अहवाल 48 तासांत वरिष्ठाकडे जायला हवा. फोनवर, वायरलेसवर, फिरतीवर असताना माहिती मिळाली तर काय, हा प्रश्न 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठासमोर कर्नैल सिंग प्रकरणात आला. घाईच्या प्रसंगी नोंद थोडी मागाहून झाली आणि विलंबाचं समाधानकारक कारण दिलं तर चालेल, पण नोंद मुळीच न करणं चालणार नाही, असा त्याचा आशय. कुठलं कलम लागू होतं हे प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर ठरतं, त्यामुळे त्यावर निवाडा देणं आपलं काम नाही. आपण एवढंच पाहायचं, की यंत्रणेची रचना ही नोंद होऊ देते की तिला आडवी येते.

म्हणजे असं पाहा. इशारा यंत्रणेत येतो, पण तो न पुसता येणाऱ्या स्वरूपात राहतो का? नोंदी किती दिवसांनी आपोआप पुसल्या जातात? एके ठिकाणी साठवण कमी पडते म्हणून दर तीस दिवसांनी जुन्या नोंदींवर नव्या चढत होत्या, आणि खटला उभा राहायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली नाही हे पडताळायचा अंकी ठसा, नमूद करावं लागतं. नियंत्रण कक्षात हे काम कुणाकडे आहे, असं विचारा. 'पुरवठादाराचा इंजिनिअर करतो' असं उत्तर आलं तर तो इंजिनिअर न्यायालयात साक्षीला येणार का, हेही विचारा. जीव धोक्यात घालून पकडलेला माल कागदाच्या एका चुकीने खटल्यात निसटतो, तेव्हा त्या रात्री समुद्रात गेलेल्या माणसांना काय वाटत असेल ह्याचा विचार मी बऱ्याचदा केला आहे.

मालकीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचं उत्तर राज्याराज्यांत वेगळं आहे. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर 2009 मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, प्रादेशिक सागराची, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या समुद्राची, तटरक्षक दलाकडे, आणि किनाऱ्याजवळ सागरी पोलीस गस्त घालतात. 2014 मध्ये गुरुग्रामला उभं राहिलेलं केंद्र नौदल आणि तटरक्षक दलाची 51 ठिकाणं एका जाळ्यात जोडतं. दुसरीकडे अमली पदार्थांसाठी 2016 पासून एनकॉर्ड ही समन्वयाची यंत्रणा आहे, आणि 2019 पासून ती जिल्ह्यापर्यंत चार स्तरांवर आहे. एनसीबी, महसूल गुप्तचर, सीमाशुल्क, राज्य पोलीस हे आणखी वेगळे. म्हणजे समुद्रावर नजर ठेवणाऱ्यांची एक उतरंड आणि अमली पदार्थांच्या मागावर असणाऱ्यांची दुसरी. नौकेवर पांढरी पोती दिसली की निरोप पहिल्या उतरंडीतून दुसरीत कुठल्या पायरीवर जातो? हे ज्या कागदावर लिहिलंय तो कागद मागा. जिल्हा पातळीवरच्या एनकॉर्ड बैठकांची इतिवृत्तंही मागा. त्यांत सागरी पोलीस आणि तटरक्षक दलाचे प्रतिनिधी किती वेळा हजर होते, मागच्या बैठकीतल्या विषयाचं पुढच्या बैठकीत काय झालं, हे दोन तासांच्या वाचनात कळतं.

अमेरिकेने ही गाठ कायद्याने सोडवायचा प्रयत्न केला. 1988 च्या कायद्याने हवाई आणि सागरी तस्करीचा शोध व मागोवा ह्यासाठी संरक्षण खातं हे एकमेव प्रमुख ठरवलं आणि नियंत्रण-संदेशवहनाची साधनं एका जाळ्यात आणण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच दिली. पकडण्याचा अधिकार मात्र दिला नाही. म्हणून नौदलाच्या जहाजावर तटरक्षक दलाचं पथक असतं, आणि नावेवर चढून कारवाई ते पथक करतं. ही रचना परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही, पण कुणी शोधायचं आणि कुणी पकडायचं हे संदिग्ध राहिलेलं नाही. आणि एवढं करूनही त्यांच्या हातून पैसा वाया गेलाच. मेक्सिकोच्या सीमेवर मनोरे आणि संवेदक उभारण्याची एसबीआयनेट योजना सुमारे 100 कोटी डॉलर खर्चून, ॲरिझोनातली जेमतेम 53 मैलांची सीमा व्यापून, जानेवारी 2011 मध्ये बंद करावी लागली. अफगाणिस्तानातल्या अमली पदार्थविरोधी कामासाठी घेतलेल्या एका पाळत विमानावर सात वर्षांत जवळपास 8.6 कोटी डॉलर गेले, आणि 2016 च्या लेखापरीक्षणात दिसलं की ते तिथे एकदाही उडालं नव्हतं. तुमच्या अहवालात ह्यातली एखादी तुलना घालायची तर जपून घाला. आपल्याकडचे अधिकारी 'तिकडेही असंच होतं' म्हणून तीच ढाल करतात.

गोपनीयतेचं काय, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. एनसीबी आणि महसूल गुप्तचर संचालनालय माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 खालच्या यादीत आहेत, त्यामुळे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप सोडले तर नागरिकाला तिथून माहिती मिळत नाही. म्हणूनच आपली जबाबदारी वाढते: जे लोकांना पाहता येत नाही ते त्यांच्या वतीने पाहणारे फारच थोडे असतात. तुम्हाला 'गोपनीय आहे' म्हणून कागद नाकारला तर नकार लेखी घ्या आणि वर कळवा. पण अहवाल लिहिताना कुठल्या टप्प्यात रडारला दिसत नाही, कुठल्या वारी नौका बंद असते, हे जाहीर होणाऱ्या भागात चुकूनही जाऊ देऊ नका. विलंबाचे प्रकार आणि कारणं उघड भागात, ठिकाणं आणि वेळा बंद पाकिटात. ह्याच ओघात, यंत्रणेतून कुणाची माहिती कुणी उघडून पाहिली ह्याच्याही नोंदी तपासा. एका मच्छीमाराच्या नौकेचा माग महिनोन्‌महिने काढला जात असेल तर त्याला लेखी कारण हवं. खबरी देणारे तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, आणि खलाशीच असतात, आणि त्यांचा विश्वास गेला तर तिसऱ्या गठ्ठ्यातल्या जप्ती थांबतील.

तर क्रम असा ठेवा: मंजुरीची टिपणी, मग घड्याळांचा तक्ता, मग तीस घटनांचा माग, त्यासोबत नौकांची लॉगबुकं, मग वायरलेसची प्रत्यक्ष चाचणी, आणि नोंदींचं आयुष्य. खरेदीची फाइल सगळ्यात शेवटी. तोवर कुठला सुटा भाग का बंद आहे हे कळलेलं असतं आणि फाइलमध्ये नेमकं काय शोधायचं तेही. वेळ कमी असेल तर तीसच्या बारा घटना करा, पण तिसरा गठ्ठा गाळू नका.

आणि पहिली भेट दिवसा ठेवू नका. दिवसा सगळे अधिकारी हजर असतात, सादरीकरण होतं, पडदे झळकत असतात. परवानगी घेऊन रात्री जा, शक्य तर शनिवारच्या. ड्यूटीवरच्या माणसाशी अर्धा तास नुसतं बोला, तपासणीचं काही काढू नका. मग त्याला विचारा, आत्ता ह्या क्षणी काही दिसलं तर तू सगळ्यात आधी कुणाला सांगशील, आणि तो कशाकडे हात नेतो ते पाहा.